परराज्यातली बंदूक: भाव तिकडचा, खर्च इकडचा

आंजी (मोठी) आणि आसपासच्या गावांत बंदूक घ्यायचा विषय निघतो तो बहुतेक तीन कारणांनी. तुरीत आणि चण्यात रानडुकरं धिंगाणा घालतात, रोह्यांचा कळप कपाशी तुडवून जातो, हे पहिलं. दुसरं, सौसर-पांढुर्ण्याकडच्या माहेरी किंवा आजोळी जुनी दुनळी पडून असते आणि ती धरणारा आता कुणी उरलेला नसतो. तिसरं कारण अलीकडचं: मोबाइलवर कुणीतरी कानपूरच्या रिव्हॉल्व्हरचा फोटो धाडतो आणि खाली लिहितो, ‘तिकडे स्वस्त पडते’. तिन्ही वाटा शेवटी एकाच दारात येतात. ते दार वर्ध्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाचं. बंदूक कुठल्याही राज्यातून घ्या, परवाना तुम्ही राहता त्या जिल्ह्याचाच लागतो, आणि या व्यवहारातला बराचसा वेळ व दगदग परवान्यावर खर्ची पडते.

कायदा देशभर एकच आहे: शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालचे शस्त्र नियम २०१६. त्यामुळे ‘मध्य प्रदेशात नियम सैल आहेत’ या बोलण्यात दम नाही. फरक पडतो तो परवान्याच्या हद्दीचा. परवान्यावर तो कुठवर चालतो हे लिहिलेलं असतं. महाराष्ट्रापुरता परवाना खिशात ठेवून तुम्ही पांढुर्ण्यात दुकानदाराकडून बंदूक हातात घेतली, तर त्या क्षणी ती बंदूक तुमच्याकडे बिनपरवाना आहे. दारूबंदीच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना हे फार समजावून सांगायला नको. नागपुरात बिलासकट घेतलेली बाटली सेलूच्या हद्दीत शिरली की गुन्हा होते, तसंच हे. दंड मात्र कितीतरी जड. २०१९च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना साध्या बंदुकीलाही किमान दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं कैद आहे, वर दंड वेगळा.

आधी परवान्याचा खर्च

अर्ज नमुना अ-१मध्ये करायचा, वय २१ पूर्ण हवं. सोबत ओळख आणि पत्त्याचे पुरावे, फोटो, शारीरिक व मानसिक तंदुरुस्तीचा डॉक्टरी दाखला, बंदूक सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र आणि घरी ती कुलपात कशी ठेवणार याची हमी. मग कागद पोलिसांकडे जातात. तुमच्या हद्दीचं ठाणं चौकशी करतं: गुन्हे आहेत का, धुऱ्याचे वाद आहेत का, दारू पिऊन भांडणं होतात का, बंदूक कशाला हवी. गावात धुऱ्यावरून कोर्टात केस सुरू असेल तर ती लपवू नका, कारण ती निघतेच.

सरकारी फी ही या सगळ्या हिशोबातली सर्वांत लहान रक्कम आहे. ती चलनाने भरा आणि चलनाची प्रत जपून ठेवा. मोठा खर्च वर्ध्याच्या फेऱ्यांचा, आणि तो पैशापेक्षा दिवसांचा असतो. कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन काढणीच्या दिवसांत पोलीस जबाबाला बोलावतात तेव्हा मजूर बांधावर बसून राहतात. त्यांची मजुरी या परवान्याच्या खात्यात लिहा. शेतीची घाई नसताना, म्हणजे उन्हाळ्यात अर्ज टाकलेला बरा.

पैसे वाचवण्याच्या दोन जागा आहेत. सरकारी कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांना महाराष्ट्रात २००४पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, तरी तहसीलच्या आवारातला माणूस स्टॅम्प पेपर विकत घ्यायला लावतो. कागद साधा चालतो का, हे ज्या टेबलावर अर्ज द्यायचा तिथेच आधी विचारा. दुसरी जागा दलालाची. ‘सात-बारावर इतके एकर पाहिजेत, खात्यात इतके लाख पाहिजेत’ असं सांगून माणसाला घाबरवलं जातं आणि मग ते ‘मॅनेज’ करायचे पैसे मागितले जातात. कायद्याच्या कलम १४मध्ये स्पष्ट म्हटलंय की पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. पीक संरक्षणाचा परवाना मागताना सात-बारा लागेलच, पण तो तुमच्याकडे पीक आहे हे दाखवायला. तुम्ही किती श्रीमंत आहात हे दाखवायला नव्हे.

पोलिसांचा अहवाल वेळेत आला नाही तर त्याची वाट न पाहता निर्णय घेण्याची मुभा कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना दिली आहे. ही मुभा क्वचितच वापरली जाते. म्हणून महिन्याभराने नुसतं ‘फाइल कुठे आहे’ विचारण्यापेक्षा आवक क्रमांक टाकून लेखी स्मरणपत्र द्या आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.

परवाना मिळाला की त्यावर विशिष्ट ओळख क्रमांक आहे का, हे पहिल्यांदा बघा. सगळे ‘यूआयएन’ म्हणतात तो हाच. देशभरच्या परवान्यांच्या संगणकीय नोंदीत तुमचा क्रमांक नसेल तर दुसऱ्या राज्यातला दुकानदार तुमच्याशी व्यवहार करणार नाही, आणि करायलाही नको. परवाना आता पाच वर्षांचा असतो, पूर्वी तीनचा असे. एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात. पूर्वी तीन चालत, त्यामुळे जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून तीनच येतात.

कानपूरचा भाव

नागरिकांसाठी रिव्हॉल्व्हर, पिस्तूल आणि शिकारी रायफली बनवणारे सरकारी कारखाने कानपूर, ईशापूर आणि तिरुचिरापल्लीत आहेत. २०२१मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा हे तिन्ही अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या कानपूरच्या कंपनीकडे गेले. काडतुसांचं काम पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे आहे. बारा बोअरची ‘शक्तिमान’ काडतुसं खडकीचीच.

किमतीचा अंदाज यावा म्हणून एक जुना आकडा देतो. २०१४मध्ये कानपूरच्या कारखान्याने महिलांसाठी म्हणून अर्ध्या किलोचं ‘निर्भीक’ हे .३२ रिव्हॉल्व्हर काढलं, तेव्हा त्याची किंमत १,२२,३६० रुपये होती. आज काय भाव आहे ते कारखान्याकडून किंवा नागपूरच्या दुकानातून लेखी घ्या. व्हॉट्सअपवरचा भाव धरू नका. त्या भावात कर धरलाय का, हा पहिला प्रश्न. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५पासून ४० टक्के झाला. म्हणजे कर सोडून एक लाखाची वस्तू आधी १,२८,००० रुपयांना पडायची, ती आता १,४०,००० रुपयांना. बारा बोअर बंदुका वेगळ्या शीर्षाखाली येतात, त्यांना हा वाढीव दर नाही.

आता ‘तिकडे स्वस्त’चं गणित बघा. जीएसटी यायच्या आधी राज्याराज्यांचे कर वेगळे होते, तेव्हा या म्हणण्यात थोडाफार अर्थ होता. २०१७पासून कर सगळीकडे सारखाच. उरतो तो फक्त दुकानदाराच्या नफ्यातला फरक. त्या फरकातून जाण्यायेण्याचं भाडं, मुक्काम, ना-हरकत आणि वाहतूक परवान्याच्या फेऱ्या वजा करा. माझं सरळ मत असं, की आंजीच्या माणसाने नवी बारा बोअर घ्यायला महाराष्ट्राबाहेर जाऊ नये. नागपुरात परवानाधारक शस्त्रविक्रेते आहेत. पुढे दुरुस्ती, काडतुसं आणि आचारसंहितेत बंदूक ठेवायलाही तोच दुकानदार कामाला येतो. परराज्यातली खरेदी परवडते ती तीनच प्रसंगांत: इकडे न मिळणारं विशिष्ट मॉडेल, नेमबाजीचं शस्त्र, किंवा वारसाहक्काची बंदूक.

तरी घ्यायचीच असेल तर दोन रीती आहेत. पहिलीत तिकडचा विक्रेता शस्त्र वाहतूक परवान्यावर नागपूरच्या विक्रेत्याकडे पाठवतो आणि तुम्ही ताबा नागपुरात घेता. नागपूरचा दुकानदार त्याचं कमिशन घेतो, ते किती हे आधीच ठरवून घ्या. पण तुम्ही स्वतः राज्याच्या हद्दीबाहेर शस्त्र बाळगत नाही, ही मोठी सोय. दुसरी रीत स्वतः जाऊन आणायची. त्यासाठी वर्ध्याच्या कार्यालयातून अमुक ठिकाणाहून अमुक शस्त्र घ्यायला हरकत नाही असं पत्र आणि ते इकडे आणण्याची परवानगी, दोन्ही हातात पडेपर्यंत रेल्वेचं तिकीट काढू नका. ही परवानगी ठराविक मुदतीची असते. कारखान्याने बोलावलेली तारीख त्या मुदतीत बसते का बघा, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

आणताना बंदूक रिकामी, पेटीत बंद, काडतुसं वेगळी. सोबत मूळ परवाना, मूळ बिल आणि वाहतुकीची परवानगी. झेरॉक्स दाखवून इटारसीच्या फलाटावर रेल्वे पोलिसांचं समाधान होत नाही. विमानाने येणार असाल तर बंदूक हातातल्या सामानात नेता येत नाही. आधी सांगून ती तपासणीच्या सामानात द्यावी लागते, आणि त्याचं वेगळं शुल्क कंपनीगणिक बदलतं. गावी पोचल्यावर शस्त्र ठाण्यात दाखवून परवान्यावर नोंद करून घ्या. बंदुकीचा क्रमांक, बोअर, विक्रेत्याचं नाव आणि तारीख या चार गोष्टी त्या पानावर स्वतः वाचा, क्लार्कने वाचून दाखवल्या तरी.

खासगी माणसाकडून जुनी बंदूक घेताना आणखी एक थांबा आहे. विकणाऱ्याने आधी त्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला घेणाऱ्याचं नाव-पत्ता देऊन लेखी कळवायचं आणि त्यानंतर ४५ दिवस थांबायचं. तोवर बयाणा द्या, पूर्ण रक्कम नको. आणि .३२च्या पुढे जाऊन कुणी नऊ एमएमचं पिस्तूल ‘परवान्यावर’ देतो म्हणाला, तर तिथून उठा. ते सामान्य नागरिकाच्या परवान्यावर मिळत नाही.

सौसरची दुनळी

खरी गुंतागुंत इथे आहे, आणि आपल्या भागात हाच प्रश्न जास्त येतो. १९५६पर्यंत वर्धा आणि छिंदवाडा एकाच राज्यात होते. सौसर, पांढुर्णा, मुलताई इकडच्या सोयरिकी तेव्हापासूनच्या. पुढे सरहद्द मधे आली आणि २०२३मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हाही झाला, म्हणजे जुने परवाने छिंदवाड्याचे आणि आजचं कार्यालय पांढुर्ण्याचं. जुना अभिलेख कुठे आहे हे शोधण्यातच एक फेरी जाते, तेव्हा आधी फोन करून विचारा.

समजा, सौसरच्या एका घरातले वडील वारले. त्यांच्या परवान्यावरची दुनळी घरी आहे, मुलगा पुण्याला नोकरीला, लेक आंजीला दिलेली. बंदूक तिने घ्यावी असं ठरलं. पहिली गोष्ट: बंदूक घरी ठेवायची नाही. परवानाधारक गेला की परवाना संपला. ती विनाविलंब सौसरच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची. दुकानदार महिन्याचं भाडं घेतो, पण तेल लावून ठेवतो. ठाण्याच्या खोलीत ती दोन पावसाळे पडली तर नळीला गंज चढतो आणि मग लोहाराच्या भावातही कुणी घेत नाही. माझ्या मते भाडं परवडतं.

दुसरी गोष्ट: अर्ज वर्ध्याला, लेकीच्या नावाने. वडिलांचा मृत्यूचा दाखला, जुन्या परवान्याची प्रत, जमा पावती आणि भावाचं, आईचं ‘आमची हरकत नाही’ असं प्रतिज्ञापत्र. भावाभावांत शेतीचा वाद असेल तर बंदूकही त्यातच अडकते. परवाना लेकीच्या नावावर निघाला की ती बंदूक तिचीच, जावयाची नाही. कायद्यात एवढीच सूट आहे की परवानाधारकाच्या समक्ष, किंवा तिच्या लेखी अधिकारपत्रावर दुरुस्तीला अथवा नूतनीकरणाला, दुसरा माणूस ती नेऊ शकतो. जावयाने ती खांद्याला लावून रात्री एकट्याने शेतात जाणं यात बसत नाही.

वडील हयात असतील तरी हे करता येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. त्यांचं वय ७० झालं असेल किंवा बंदूक त्यांच्याकडे २५ वर्षं असेल, तर ते हयातीतच वारसाच्या नावाने प्रस्ताव देऊ शकतात. सही करणारा माणूस समोर असताना काम निम्म्या त्रासात होतं.

तिसरी गोष्ट क्रमांकाची, आणि इथे बरेच प्रस्ताव रखडतात. जुनी दुनळी मोडली, म्हणजे नळ्या खाली झुकवल्या आणि पुढचा लाकडी भाग काढला, की नळ्यांच्या बुडाशी सपाट जागेवर ठोकलेला आकडा दिसतो. साठ-सत्तर वर्षांच्या तेलाने आणि धुळीने तो बुजलेला असतो. जुन्या परवान्यावर कुण्या बाबूने तीनचा आठ केलेला असतो, किंवा नळीवरचा आकडा एक आणि घोड्याजवळच्या कमानीवरचा दुसरा असतो, कारण मधे कधीतरी नळी बदललेली असते. अर्ज टाकण्याआधी विक्रेत्याकडून दोन्ही ठिकाणचे आकडे साफ करून घ्या, फोटो काढा आणि त्याच्याकडून तपासणीचं पत्र घ्या. मग पांढुर्ण्याच्या कार्यालयातून नोंद दुरुस्त होते. हे वर्ध्याच्या टेबलावर उघडकीला आलं तर दोन राज्यांच्या कार्यालयांत पत्रं फिरत राहतात, आणि दुकानातलं भाडं महिन्यागणिक चढत जातं.

एवढं करून हाती येते ती जुनी, बहुधा बाजारभाव नसलेली बंदूक. आठवण म्हणून ठेवायची असेल तर खर्च करा. निव्वळ व्यवहार बघायचा तर सौसरलाच परवानाधारक विक्रेत्याला विकून मोकळं होणं स्वस्त.

डुक्कर मारायला बंदूक?

पीक संरक्षणासाठी कायद्यात ठासणीच्या म्हणजे भरमार बंदुकीचा परवाना आहे. तिने भागत नाही असं जिल्हाधिकाऱ्यांना पटलं तर साधी बारा बोअरही देता येते. पण बंदुकीचा परवाना म्हणजे मारायची परवानगी नव्हे. ती वनखात्याची, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११खालची. रानडुक्कर आणि रोही यांच्यासाठी महाराष्ट्राने २०१५मध्ये ही परवानगी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडून मिळण्याची पद्धत घालून दिली. ती लेखी घेतल्याशिवाय गोळी झाडली तर पीक वाचेल, तुम्ही वाचणार नाही. बोर व्याघ्र प्रकल्पाचा हा जिल्हा आहे, रात्री झुडपात हललेलं जनावर डुक्करच असेल याची खात्री कुणी द्यायची?

हिशोबानेही बंदूक इथे हरते. कळप रात्री येतो, एक पडलं तर बाकीचे चार दिवसांनी परत येतात, आणि जागरण तुमचंच. तेवढ्या पैशात सौर झटका मशीन आणि तारा येतात, त्यावर सरकारी अनुदानाची योजनाही आहे. वनखात्यात चौकशी करा. फक्त कुंपणाला थेट लाइनचा करंट सोडू नका. त्यात माणसं मरतात, आणि गुन्हा सदोष मनुष्यवधाचा लागू शकतो.

परराज्यातून ऑनलाइन मागवली जाणारी वस्तू बहुतेक वेळा एअरगन असते. तिचा बोअर .१७७पर्यंत (४.५ मिमी) आणि ताकद २० ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. बिलावर हे दोन्ही आकडे लिहून घ्या. त्यापुढची असेल तर ती बंदुकीतच मोजली जाते. डुकराला तिचा काही उपयोग नाही, आणि पाखरं मारली तर वनगुन्हा.

स्वस्ताच्या दोन पाट्या

‘काश्मीरचा ऑल इंडिया परवाना काढून देतो, वर्ध्याला जायचं कामच नाही’ असं सांगणारे एकेकाळी देशभर फिरत होते. २०१७मध्ये राजस्थानच्या एटीएसने ते प्रकरण उकरलं, पुढे सीबीआयकडे गेलं. सीबीआयच्या म्हणण्यानुसार २०१२ ते २०१६ या काळात जम्मू-काश्मीरमधून २.७८ लाखांहून जास्त परवाने अपात्र लोकांना दिले गेले, आणि त्यात सनदी अधिकाऱ्यांनाही अटक झाली. असा परवाना ज्याने घेतला त्याचे पैसे तर बुडालेच, शिवाय चौकशी मागे लागली. तुम्ही जिथे राहत नाही तिथल्या जिल्ह्याचा परवाना, मग तो नागालँडचा असो की आणखी कुठला, पैसे देऊन घेऊ नका.

दुसरी पाटी कट्ट्याची. चोपड्यापलीकडच्या मध्य प्रदेशातल्या उमर्टीहून किंवा बिहारच्या मुंगेरहून आलेली पिस्तुलं पकडल्याच्या बातम्या नेहमी येतात. मुंगेरात परवानाधारक कारखानेही आहेत, पण तिथलं परवान्याचं शस्त्र कुणी पिशवीतून विकत नाही. बिल नाही, क्रमांक नाही, म्हणजे किमान दोन वर्षांची कैद विकत घेतली. लग्नाच्या वरातीत परवान्याच्या बंदुकीनेही हवेत बार काढला आणि कुणाच्या जिवाला धोका झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

परवाना नाकारला तर कारणं लेखी मागा, ती देणं बंधनकारक आहे, सार्वजनिक हिताचा अपवाद सोडून. जिल्हाधिकाऱ्यांच्या निर्णयावर अपील नागपूरच्या विभागीय आयुक्तांकडे, आदेशापासून ३० दिवसांत. वकील लागतोच असं नाही, पण आदेशाची प्रत लागते. ती टपालाची वाट न बघता स्वतः जाऊन आणा.

तारीख ठरवताना निवडणुका बघायला विसरू नका, आणि त्याही दोन्ही राज्यांच्या. आचारसंहिता लागली की छाननी समिती ठरवेल त्या परवानाधारकांना शस्त्रं जमा करावी लागतात, आणि नवे परवाने व वाहतुकीच्या परवानग्या जवळजवळ थांबतात. महाराष्ट्रात काही नसलं तरी मध्य प्रदेशात मतदान असेल तर सौसरची बंदूक तिथून हलत नाही. मतदान आटोपल्यावर जमा पावती दाखवून शस्त्र परत घ्यायचं असतं. पावती हरवली तर अर्ज, ओळख, पुन्हा दोन-तीन फेऱ्या. म्हणून तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि मूळ पावती परवान्याच्या पुस्तिकेतच टाचून ठेवा.